आधी एका पायात

सरांच्या दोन पायांत दोन वेगळ्या चपला दिसल्या की ओळखायचं, त्यांनी नवा जोड घेतलाय. नवी चप्पल आधी डाव्या पायात. उजव्यात जुनीच. आठवडाभर डाव्या पायानं तक्रार केली नाही, तर मग उजव्याला बढती. "चावली तर एकच पाय जाईल," ते म्हणायचे. दोन्ही पाय गेले तर माणूस कामावर येणार कसा, हा त्यांचा मुद्दा, आणि त्यात चूक काढता यायची नाही. त्यांच्या कुठल्याच मुद्द्यात चूक काढता यायची नाही. फक्त तो अमलात येत असताना त्यांच्याकडं बघवायचं नाही.

निपाणी-बेळगाव रस्त्यावरच्या एका साखर कारखान्यात ते संगणक विभागाचे प्रमुख होते. विभागात माणसं दोन. प्रमुख ते, आणि उरलेला विभाग मी. ऐंशीचं दशक निम्मं सरलं होतं. आमच्या चेअरमननी पलीकडं महाराष्ट्रातल्या कुठल्याशा कारखान्यात संगणक पाहिला आणि आल्या आल्या सांगितलं, "त्येंच्यात हाय, आमच्यात का न्हाय?" एवढ्या अभ्यासावर तो आमच्याकडं आला. त्याला गार खोली मिळाली, पडदे मिळाले. कारखान्यात एअर कंडिशनर दोनच ठिकाणी होता, चेअरमनच्या खोलीत आणि संगणकाच्या. उन्हाळ्यात बरीच माणसं संगणकाबद्दल कुतूहल घेऊन यायची आणि घाम वाळला की जायची.

मी बेळगावजवळच्या मच्छेची. टायपिंग झालेलं, घरात बसायची सवय नव्हती. मुलाखतीत सरांनी मला एकच प्रश्न विचारला. "चालू असलेल्या यंत्राला आपण हात लावाल का?"

मी म्हटलं, "चालू असलं तर कशाला लावू? मला काय दुसरी कामं नाहीत?"

त्यांनी दुसऱ्या मुलींना आतही बोलावलं नाही.

ते मला 'चालकबाई' म्हणायचे. ऑपरेटर म्हणजे चालक, आणि मी बाई. ट्रकवाले ऐकून हसायचे. सर हसत नसत. पुण्यात संख्याशास्त्राची मोठी पदवी घेतलेला माणूस, संगणकाचा डिप्लोमाही तिथलाच, आणि त्यांचं ठाम मत असं की यंत्र इंग्रजीत शिकलं तरी माणसानं ते आपल्या भाषेत समजून घ्यावं. शेतकऱ्याला, काटेवाल्याला, शिपायाला कळलं पाहिजे की आत काय चाललंय. हेतू चांगला होता. त्यासाठी त्यांनी शब्द तयार केले. इन्स्टॉल करणं म्हणजे 'अधिस्थापना'. प्रोग्राममधली चूक झाकायला कंपनी जो पॅच पाठवते, तो 'उपलेप'. नवं बिघडलं म्हणून जुन्यावर परत जाणं म्हणजे 'प्रत्यावर्तन'. फ्लॉपी म्हणजे 'तबकडी', आणि बंद करून पुन्हा सुरू करणं, 'पुनरुत्थान'.

खोलीच्या दारात एक फळा होता. दर सोमवारी सर त्यावर खडूनं 'आजची संज्ञा' लिहायचे, खाली अर्थ. अर्थ संज्ञेपेक्षा अवघड असायचा. एकदा 'परावलंबित्व' लिहिलं. खाली: 'एका आज्ञावलीच्या कार्यान्वयनास दुसरीचे पूर्वास्तित्व आवश्यक असणे.' आमचा शिपाई फळ्यासमोर बराच वेळ उभा राहिला.

"आक्का," तो मला म्हणाला, "हे कुणाच्या घरात झालंय म्हणं?"

मी म्हटलं, "चहाला आधी दूध लागतंय न्हवं? दूध न्हाय तर चहा न्हाय. तसं."

"मग तसं लिवा की."

हे मी सरांना सांगितलं. ते म्हणाले, "चहा हे उदाहरण आहे, चालकबाई. संज्ञा नव्हे." शिपायाला त्या दिवसापासून परावलंबित्व नीट कळलं आणि त्यानं तो शब्द परत कधी उच्चारला नाही.

चहावरून आठवलं. कँटीननं चहाची पावडर बदलली की सर ती आधी फक्त हिशेबनिसाला द्यायला लावायचे. आठवडाभर. हिशेबनीस बरा राहिला की मग सगळ्यांना. "एकावर आधी, सर्वांवर नंतर." हिशेबनीस बिचारा पित्ताचा माणूस. तो कुठल्याही पावडरनं तक्रार करायचा, त्यामुळं आमच्या विभागात वर्षानुवर्षं तीच पावडर आली.

सरांचे नियम पुष्कळ होते, पण इथं कामाचे चार. गर्दीच्या दिवशी यंत्रात काहीही बदलायचं नाही. अधिस्थापना अर्धी झाली असताना माणसानं यंत्र सोडून उठायचं नाही. जुन्या आज्ञावलीची, म्हणजे प्रोग्रामची, प्रत यंत्राजवळ ठेवायची नाही, कारण घर पेटलं तर पेटीही पेटते. आणि ती प्रत, जिथं असेल तिथून, स्वतः सरांशिवाय कुणाच्या हाती द्यायची नाही.

तिसऱ्या नियमाला कारण घडलं होतं. एका गणपतीत लाऊडस्पीकरवाल्यानं आपला कर्णा खाली ठेवायला जागा नाही म्हणून आमच्या कपाटावर ठेवला. कर्ण्यात लोहचुंबक. आत तबकड्या. आरती होईपर्यंत गेल्या हंगामाची प्रत कोरी. तेव्हापासून सरांनी प्रत गुंजीला नेऊन ठेवायला सुरुवात केली. गुंजी खानापूरच्याही पुढं, झाडीत. तिथं त्यांची थोरली बहीण भातशेती बघत एकटी राहायची. प्रत काढली की सर पिशवी घेऊन रेल्वेनं गुंजीला जायचे, आणि रजेच्या अर्जात कारण लिहायचे, 'सुरक्षा'. लोक समजायचे, बहिणीच्या.

आता मोळीच्या दिवसाकडं येते.

ऊस गाळायचा हंगाम सुरू होताना कारखान्यात पूजा असते, ऊस आत ओढणाऱ्या गव्हाणीत पहिली मोळी टाकतात. मांडव, पाहुणे, जेवण, संध्याकाळी सभा. गावोगावच्या बैलगाड्या सजवून आलेल्या असतात. त्या वर्षी बंगळूरच्या ज्या कंपनीनं आम्हाला प्रोग्राम दिला होता, तिनं त्याची नवी आवृत्ती पाठवायचं ठरवलं. चेअरमननी तारीख दिली मोळीचीच.

सर त्यांच्याकडं गेले, मला साक्षीला घेऊन.

"साहेब, त्या दिवशी वजनकाट्यावर गर्दी असते. कुणाचा ऊस कधी तोडायचा, कुठली गाडी आधी काट्यावर घ्यायची, सगळं यंत्र सांगतं. त्या दिवशी अधिस्थापना नको. उन्हाळ्यात करू. आधी एका गावापुरती करू, मग..."

"मुहूर्त चांगला हाय."

"यंत्राला मुहूर्त नसतो."

"यंत्राला नसंल. मला हाय. सभेत सांगायचंय मला, आज आपला कारखाना नव्या जमान्यात गेला म्हणून. उन्हाळ्यात कुणाला सांगू? चिमण्यास्नी?"

ठरलं ते ठरलं.

मोळीच्या दिवशी सकाळी बंगळूरचा इंजिनिअर आला. तरुण, टाय लावलेला, संध्याकाळची बस पकडायच्या घाईत. यंत्राची साठवण इवलीशी, जुनं पुसल्याशिवाय नवं मावायचं नाही. पहिली तबकडी गेली. दुसरी गेली. सर शेजारी खुर्चीवर मांडी घालून बसले होते. तेवढ्यात चेअरमन, भटजी आणि ताट घेतलेली माणसं आत आली. नवी वस्तू आली की तिला हळदकुंकू लागतं, हे आमच्याकडं कुणाला सांगावं लागत नाही. सरांचाही पूजेला विरोध नव्हता. त्यांनी आदल्या दिवशीच तबकडीचं एक रिकामं पाकीट पूजेसाठी काढून ठेवलं होतं. ते त्यांनी पुढं केलं.

"ह्यात काय हाय?" चेअरमननी विचारलं.

"काही नाही. पूजेसाठी आहे."

"रिकाम्या पाकिटाची पूजा? मी काय रिकाम्या गव्हाणीत मोळी टाकतोय व्हय?" असं म्हणून त्यांनी टेबलावरची तिसरी तबकडी उचलून ताटात ठेवली. त्या फ्लॉपीला मधोमध भोक असायचं आणि एका बाजूला उघडी खाच. चेअरमननी मनापासून कुंकू वाहिलं. भटजींनी हळद वाहिली. अक्षता पडल्या. वर फुलानं पाणी शिंपडलं.

सर एकच वाक्य बोलले. "हा उपलेप नव्हे."

इंजिनिअरनं तबकडी रुमालानं पुसली, "स्वल्प अ‍ॅडजस्ट माडी," म्हणजे थोडं सांभाळून घ्या, असं कानडीत आमच्याकडं बघून हसून म्हणाला आणि आत सरकवली. यंत्रातून दळणाच्या गिरणीसारखा आवाज आला. मग तो थांबला. मग सगळंच थांबलं. जुनं पुसलेलं, नवं अर्धं, आणि यंत्राच्या तोंडाला कुंकू.

काट्यावर गाड्या उभ्या राहिल्या. आधी फाटकापर्यंत, मग फाटकाबाहेर, मग हमरस्त्यावर. हातानं पाळी लावणारे कारकून होते, पण संगणक आल्यावर त्यांना खतांच्या गोदामात पाठवलं होतं, आणि पाळी आता कुणाच्या डोक्यात नव्हती. यंत्राच्या चिठ्ठीशिवाय काटेवाला एकही गाडी घेईना. शिंगांना बेगड लावलेले बैल उन्हात उभे आणि गाडीवान चेअरमनच्या नावानं बोलायला लागलेले.

चेअरमन खोलीत आले तेव्हा त्यांच्या कपाळावरचं गंध घामानं ओघळलं होतं. "सभा चारला हाय," ते सरांना म्हणाले. "तवर गाड्या हलल्या तर ठीक. न्हाय तर उद्यापासनं तुमी तुमच्या घरात आन् हे खोकं माझ्या गोठ्यात." सर पन्नाशी ओलांडलेले. असा संगणक विभाग त्या भागात दुसरा नव्हता. ही नोकरी गेली तर पुढं काही नव्हतं, हे खोलीतल्या सगळ्यांना माहीत होतं.

जुनी आज्ञावली गुंजीला होती.

"सर, जीप घेऊन जा," मी म्हटलं.

"मी उठू शकत नाही. अधिस्थापना अर्धी आहे."

"मेलंय ते यंत्र."

"मेलेलं नाही. खंडित आहे."

"मग मी जाते."

"माझी आक्का आपल्याला देणार नाही. मीच तिला सांगितलंय."

"ते मी बघते," असं म्हणून मी निघाले. वाद घालत बसायची ती वेळ नव्हती.

गुंजीला पोचेपर्यंत जीपनं माझी हाडं मोजून घेतली. आक्का अंगणात भात वाळवत होत्या. उंच, काटक, नऊवारीचा काचा मारलेला. मी कोण, कुठून आले, सगळं सांगितलं.

"सरांनी ठेवायला दिलेली काळी पाकिटं पाहिजेत," मी म्हटलं.

"मग तो का न्हाय आला?"

"मशीन सोडून उठायचं नाही, असा त्यांचा नियम आहे."

"आन् त्याच्याबिगर कुणाला द्यायचं न्हाय, ह्यो बी त्याचाच. चिठ्ठी आणली तरी द्यायचं न्हाय म्हणालाय. चिठ्ठी कोण बी लिवतंय."

"मी चिठ्ठी आणलेली नाही."

"शानी हाईस."

"आक्का, चारच्या आत मशीन सुरू झालं नाही तर त्यांची नोकरी जाईल."

त्यांनी हातातली फावडी खाली ठेवली. "दुसरीकडं कुठं लागंल?"

"अवघड आहे."

"चपला अजून तशाच घालतोय?"

"व्हय."

"मग न्हाय लागायची." त्या आत गेल्या. मी मागोमाग. तांदळाच्या कणगीत त्यांनी कोपरापर्यंत हात घातला आणि फडक्यात बांधलेलं पुडकं बाहेर काढलं. तांदूळ ओल धरू देत नाही, म्हणून तिथं. मी हात पुढं केला. त्यांनी पुडकं कमरेला खोचलं.

"तुला देत न्हाय. नियम म्हंजे नियम. मी घिऊन येते."

जीपमध्ये त्या पुढं बसल्या, दोन्ही हात पुडक्यावर. खानापूर मागं पडलं. मग ड्रायव्हरनं विचारलं, "सरांचं लगीन का न्हाय झालं हो?"

"जमलं होतं की. पोरगीबी चांगली. ह्यानं सासऱ्याला विचारलं, आधी म्हैनाभर येऊन ऱ्हाऊ दे, जमलं तर करू."

ड्रायव्हरला गाडी बाजूला घ्यावी लागली. "मग?"

"मग काय. सासऱ्यानं चप्पल काढली. दोन्ही पायांतली."

आम्ही पोचलो तेव्हा सभेला माणसं जमायला लागली होती आणि गाड्यांची रांग होती तशीच होती. सर होते तसेच खुर्चीवर मांडी घालून. इंजिनिअर कोपऱ्यात मान खाली घालून बसलेला. आक्कांनी पुडकं सरांच्या हातात दिलं आणि खोलीभर बघितलं.

"जेवलास का न्हाय?"

"आक्का, अर्धी..."

"ठाऊक हाय. घाल आता ते आत."

सरांनी जुन्या तबकड्या घातल्या, एकामागून एक. यंत्रानं आवाज केला तो ओळखीचा. पडद्यावर जुनीच हिरवी अक्षरं आली. मी पहिली चिठ्ठी छापली, शिपाई ती घेऊन काट्याकडं पळाला, आणि थोड्या वेळानं खिडकीतून दिसलं की रांगेतली पहिली बैलजोडी हलली.

खरी पंचाईत पुढं होती. चेअरमनचा निरोप आला: सभेत सरांचा सत्कार आहे, नव्या प्रोग्रामबद्दल दोन शब्द बोलायचे.

"पण नवा नाही," सर म्हणाले. "जुनाच चालू आहे. मी तसं सांगणार."

"सांगू नका," मी म्हटलं. "गाड्या हलल्यात. शाल घ्या आणि खाली बसा."

"चालकबाई, यंत्रात जे नाही ते आहे म्हणून जाहीर केलं, तर पुढचा उपलेप त्या नसलेल्यावर बसवायला येतील. मग?"

मुद्दा बरोबर होता. त्यांचा मुद्दा चूक असता तर माझं आयुष्य सोपं झालं असतं. "नोकरी जाईल," मी म्हटलं.

"जाऊ दे." आवाज बारीक झाला होता, पण ते उठले.

मी आणि आक्का बायकांच्या बाजूला पहिल्या रांगेत बसलो. मांडव भरलेला. चेअरमन नव्या जमान्यावर बोलले, मग शाल, नारळ. सर माईकसमोर उभे राहिले.

"बंधुभगिनींनो," ते म्हणाले. "मी सत्य तेच सांगणार आहे. आज प्रातःकाळी नूतन आवृत्तीच्या अधिस्थापनेस प्रारंभ झाला. तथापि तृतीय तबकडीत बाह्य द्रव्याचा प्रवेश झाल्याने ती प्रक्रिया खंडित झाली. त्यानंतर संरक्षित प्रतीच्या साहाय्याने आपण संपूर्ण प्रत्यावर्तन घडवून आणले."

मागून कुणीतरी टाळी वाजवली. मग आणखी काही.

सर थांबले. त्यांना वाटलं, लोकांना पटतंय. आवाज चढला. "यंत्राचे पुनरुत्थान झाले आहे! नूतन आवृत्तीचे मात्र संपूर्ण निर्मूलन करण्यात आले आहे!"

'निर्मूलन' लोकांनी पुष्कळ भाषणांत ऐकलं होतं आणि तिथं टाळ्या वाजवायच्या असतात हे त्यांना पाठ होतं. मांडव दणाणला. गाडीवान शिट्ट्या मारायला लागले. चेअरमन उठून उभे राहिले आणि त्यांनी सरांचा हात वर धरला. फोटोवाल्यानं फोटो काढला.

सर खाली आले ते सरळ आक्कांपुढं.

"लई चांगलं बोललास रं," आक्का म्हणाल्या. डोळ्यांत पाणी होतं त्यांच्या.

"काय कळलं तुला?"

"काय न्हाय."

त्यांनी माझ्याकडं बघितलं. मी म्हटलं, "मला कळलं. पण मी रोज फळा वाचते."

ते वळले आणि परत स्टेजकडं निघाले. आक्कांनी शाल धरली, शाल त्यांच्या हातात राहिली. सर चेअरमनच्या खुर्चीपाशी गेले आणि वाकून, मला ऐकू येईल इतक्या मोठ्यानं म्हणाले, "साहेब, जुनंच चालू आहे. नवं बिघडलं. कुंकवानं बिघडलं."

आजवर त्यांच्या तोंडून इतकं सरळ वाक्य मी ऐकलं नव्हतं.

चेअरमन पानाचा विडा चघळत होते. "मला ठाऊक हाय हो. शिपायानं सांगितलं दुपारीच. गाड्या हलल्या न्हवं? बसा आता, जेवण वाढत्याती."

"पण मग मी जे बोललो..."

"लई भारी बोललासा. पुढच्या वर्षीबी बोला."

नोकरी राहिल्याचं इतकं वाईट वाटलेला माणूस मी त्यानंतर पाहिला नाही. जेवताना त्यांनी भात चिवडला. आक्कांना गुंजीला सोडायचं होतं, म्हणून मी लवकर उठले. तबकड्यांचं पुडकं आक्कांच्या कमरेला परत खोचलेलं होतं.

हंगाम संपला. उन्हाळ्यात, मुहूर्त नसलेल्या एका साध्या दिवशी, कंपनीकडून आलेल्या नव्या तबकड्या घेऊन सर बसले. त्याआधी त्यांनी नवी आवृत्ती बंगळूरला कंपनीच्या यंत्रावर एकाच गावाच्या उसावर चालवून पाहिली होती, कारखाना बंद असताना, शेतात तोडायला ऊस नसताना. खोलीत आम्ही दोघंच. बाहेर चिटपाखरू नाही. तबकड्या एकेक आत गेल्या आणि बाहेर आल्या. पडद्यावर नवी अक्षरं उमटली. मी तयार राहिले, आता अधिस्थापना, आवृत्ती, सुसंगती असं काहीतरी येणार म्हणून.

सरांनी खुर्ची मागं सरकवली, पाय खाली सोडले आणि म्हणाले, "झालं."

मला लगेच कळलं.